निळं की हिरवं

प्रिय मुली,

मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांपैकी कुणाकडून पळायचं हे ठरवायला केलेला तुझा तक्ता मिळाला. डावीकडे ॲन आर्बरचं युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन (निळं), उजवीकडे ईस्ट लॅन्सिंगचं मिशिगन स्टेट (हिरवं), आणि खाली एकवीस ओळी. मेहनत घेतलीस हे दिसतंय. पण पहिलीच ओळ स्टेडियमच्या आसनसंख्येची बघून मला हसू आलं. मिशिगनचं 1,07,601, स्टेटचं पंचाहत्तर हजारांच्या आसपास. आकडे बरोबर आहेत. फक्त त्यातली एकही खुर्ची तुझ्या शर्यतीसाठी नाही. तू पळशील तेव्हा बघायला असतील चार पोरींचे आईबाप, एक-दोन कुत्री आणि थर्मासमधला चहा पिणारी माझ्यासारखी एखादी बाई.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडं ॲथलेटिक्स म्हणजे धावणं, उड्या, फेक. इथल्या कॉलेजात ‘ॲथलेटिक्स’ म्हणजे सगळेच खेळ, फुटबॉलपासून (इथला, चेंडू हातात घेऊन पळायचा) गोल्फपर्यंत. त्यामुळं ‘कुणाचं ॲथलेटिक्स चांगलं’ हे तू नेटवर शोधलंस तेव्हा तुला नव्वद टक्के फुटबॉलची भांडणं सापडली असणार. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या पोराला विचार, समोरच्या शिवाजी मंडळाचा फुटबॉल संघ कसा आहे म्हणून. तो जे सांगेल तेवढंच खरं यातलं धर.

तरी या भांडणाची ओळख हवीच, कारण ते तुला रोज ऐकावं लागेल. मी राहते त्या ब्रायटनमधून दोन्ही गावं गाडीनं तासाच्या आत. आमच्या गल्लीत दारावर अर्धा निळा-पिवळा, अर्धा हिरवा-पांढरा झेंडा लावणारी घरं आहेत. आमचंही त्यातलंच, कारण थोरली निळ्यात शिकली, धाकटा हिरव्यात. मिशिगन 1817 चं. स्टेट 1855 चं, शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालेलं. त्यामुळं एकाला वाटतं आपण घरंदाज, आणि दुसऱ्याला वाटतं हे आपल्याला गाईम्हशींवाले समजतात. 2007 साली फुटबॉलचा सामना जिंकल्यावर मिशिगनच्या माइक हार्टनं स्टेटला ‘धाकटा भाऊ’ म्हटलं. पुढच्या आठ वर्षांत स्टेटनं सात सामने जिंकले. त्यातला 2015 चा तर असा, की शेवटच्या दहा सेकंदांत मिशिगननं चेंडू लाथाडून लांब मारायचा आणि विषय संपवायचा एवढंच उरलं होतं. मारणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला, स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सननं तो उचलून रेषेपार नेला, 27–23. त्याच धावेत त्याचं खुब्याचं हाड मोडलं, आणि वर सगळा संघ त्याच्यावर आनंदानं पडलेला. आमच्या घरात त्या रात्री दोन पोरं दोन खोल्यांत जेवली.

आता बास्केटबॉलला ये, आणि थोरला-धाकटा उलटतो. मॅजिक जॉन्सन 1979 साली स्टेटकडून राष्ट्रीय विजेता झाला, तो लॅन्सिंगचाच पोरगा. कोच टॉम इझोनी 2000 साली पुन्हा करंडक आणला. बर्फावरच्या हॉकीत परत मिशिगन पुढं, नऊ विजेतेपदं विरुद्ध तीन. आणि तुझ्या क्रॉसकंट्रीत, म्हणजे माळावरच्या लांब शर्यतीत? पहिली राष्ट्रीय आंतरकॉलेज अजिंक्यपद शर्यत 1938 साली ईस्ट लॅन्सिंगलाच झाली आणि 1964 पर्यंत, 1943 सोडलं तर, दरवर्षी तिथंच होत राहिली. 1939 ते 1959 या काळात स्टेटच्या मुलांनी ती आठ वेळा जिंकली, 2014 साली मुलींनी. त्याच वेळी ॲन आर्बरच्या फेरी फील्डवर तू गेलीस तर जेसी ओवेन्सची पाटी बघशील. 25 मे 1935 ला त्यानं तिथं पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. गंमत म्हणजे तो मिशिगनचा नव्हताच, पलीकडच्या ओहायो स्टेटचा.

हे सगळं वाच, मजा येते. पण तक्त्यातून या अकरा ओळी मी काढल्यात. 1950 च्या दशकातली पोरं तुझ्या शेजारी पळणार नाहीत.

आता ज्या ओळी तू घातल्याच नाहीस त्यांच्याकडं येते.

पहिली: तुझा खेळ चार वर्षांनी असेल का? हसू नकोस. ऑक्टोबर 2020 मध्ये मिशिगन स्टेटनं जाहीर केलं की हंगाम संपला की पोहण्याचे संघ बंद, मुलांचा आणि मुलींचाही. मुली कोर्टात गेल्या. तोवर पहिल्या वर्षाच्या पोरींनी सामान हलवलं होतं, काहींनी दुसरीकडच्या जागा नाकारून स्टेट घेतलं होतं. धावणं बंद होईल असं मी म्हणत नाही. क्रॉसकंट्रीला लागतं काय, गवत आणि बूट. पण कोर्टातल्या एका तडजोडीमुळं 2025 च्या उन्हाळ्यापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल ओढतो. त्याच तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघात किती जणी असाव्यात याची आली: क्रॉसकंट्रीला सतरा, ट्रॅकला पंचेचाळीस. पूर्वी ‘ये, पळ, बघू’ म्हणून घेतलेल्या पोरी असायच्या, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. त्यांची जागा आता आकसलीय. म्हणून कोचला गोड शब्दांत नको, सरळ विचार: सतरातली मी कितवी? शिष्यवृत्ती पूर्ण की अर्धी? आणि दरवर्षी नव्यानं ठरणार की चारही वर्षांची लेखी मिळणार?

पैशाचं बोलतेच आहे तर, तुझ्या तक्त्यात ‘जाहिरातीतून कमाई’ अशी एक ओळ आहे. ती इथल्या पोरींसाठी. 2021 पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमवू शकतात हे खरं. पण तू विद्यार्थी व्हिसावर येणार, आणि त्या व्हिसावर काम करण्याची बंधनं फार कडक आहेत. कुणी बुटांची कंपनी लाइक-शेअरसाठी दोनशे डॉलर देते म्हणाली तरी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. दोनशे डॉलरसाठी व्हिसा घालवलेली पोर परत नाशिकच्या ट्रॅकवर दिसेल. आणि इथं रेल्वेची नोकरी नाही, पोलीस भरतीत खेळाडूंचा कोटा नाही. पदक मिळालं तरी हातात उरते ती पदवी. तेजस्विन शंकरचं बघ. तो कॅन्सस स्टेटला गेला, आणि त्या राज्यातही घरंदाज म्हणून नाव दुसऱ्याचंच, युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससचं. उंच उडीत 2018 आणि 2022 अशी दोनदा राष्ट्रीय कॉलेज अजिंक्यपदं त्यानं ‘धाकट्या’कडून जिंकली, आणि शिकून नोकरीही केली. म्हणून कोणत्या विषयात प्रवेश मिळतोय ही ओळ तू अठराव्या नंबरला टाकलीस, ती मी दुसऱ्या नंबरला आणलीय.

पहिल्या नंबरला दुखापत.

मी कॉलेजात असताना नडगी दुखायची. प्रशिक्षक म्हणाले, कोल्हापूरची पोर ना तू, तांबडा रस्सा पी आणि पळ. मी प्यायले आणि पळाले. हाडाला बारीक तडा गेलेला, तो आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तिसऱ्या किलोमीटरला पूर्ण झाला. त्यानंतर मी पळाले नाही, फक्त बघते. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाहीये.

दोन्ही कोचना हे प्रश्न विचार: गेल्या दोन वर्षांत किती जणींना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं? पोरींचं वजन आणि चरबी मोजता का, कोण मोजतं, तो आकडा कोण बघतं? पाळी दोन-तीन महिने चुकली तर तुमच्याकडं कुणाला सांगायचं? लाजू नकोस. लांब पल्ल्याच्या पोरीची पाळी बंद होणं म्हणजे शरीरानं पाठवलेली नोटीस आहे, ‘फिट झाल्याची खूण’ नव्हे. आपल्याकडंही तसं म्हणतात आणि इथंही म्हणणारे आहेत. या प्रश्नावर ज्या कोचचा आवाज बदलतो, त्याच्याकडं कितीही सुंदर ट्रॅक असो, जाऊ नकोस. मिशिगनचा इनडोअर ट्रॅक नवा, 2018 चा, वळणावर कलणारा. स्टेटची पोरं 1940 च्या जेनिसन फील्ड हाउसमध्ये पळतात. धाकटा म्हणतो तिथं जुन्या लाकडाचा वास येतो. मला तो आवडतो, पण वासावर निर्णय करू नये.

आणि एक ओळ मी स्वतःच्या हातानं घातलीय. ती वाचून तुझी आई घाबरेल, तरी वाच. मिशिगन स्टेटमध्ये लॅरी नासर नावाचा डॉक्टर होता, जिम्नॅस्ट पोरींवर उपचार करणारा. वर्षानुवर्षं त्यानं उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले. 2018 मध्ये विद्यापीठानं पीडितांना पन्नास कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. तेव्हा ॲन आर्बरवाले मान हलवून ‘बघा, त्यांच्याकडं’ म्हणत होते. माझी थोरलीही म्हणाली होती. मग बाहेर आलं की मिशिगनमध्येच रॉबर्ट अँडरसन नावाच्या डॉक्टरनं 1966 पासून पुढं अनेक दशकं तेच केलं होतं, त्यातले बरेचसे बळी मुलगे, फुटबॉलवालेसुद्धा. 2022 मध्ये मिशिगनची तडजोड झाली एकोणपन्नास कोटींवर. पन्नास आणि एकोणपन्नास. या दोन विद्यापीठांमधला सगळ्यात अटीतटीचा सामना हाच, आणि यावर कुणी झेंडे लावत नाही. तेव्हा निळं निवड की हिरवं, डॉक्टरच्या खोलीत सोबत दुसरी बाई हवी असं म्हणण्याचा तुला हक्क आहे, आणि तक्रार कोचकडं नाही, कोचच्या बाहेर कुठं करायची ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव.

आता कोच. लोक विद्यापीठ निवडतात, पण रोज पहाटे तुझ्यासमोर उभी राहते ती एक बाई किंवा एक बाप्या. तो माणूस बदलला की सगळंच बदलतं. कॅरल हचिन्सची गोष्ट सांगते. ती लॅन्सिंगची, स्टेटकडून बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळली. मुलींच्या बास्केटबॉल संघाला दौऱ्यावर जेवणाराहण्याचा भत्ता मुलांपेक्षा कमी मिळायचा. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानं असा भेदभाव बंद व्हायला हवा होता. झाला नाही, तेव्हा 1979 मध्ये या पोरी आपल्याच विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि खटल्यावर पहिलं नाव हचिन्सचं. पुढं ही अस्सल हिरवी बाई ॲन आर्बरला गेली, 1985 ते 2022 मिशिगनची सॉफ्टबॉल कोच राहिली, कोच म्हणून कारकिर्दीत एकूण 1,707 सामने जिंकली, 2005 चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तिच्या हाताखाली खेळायला आलेल्या पोरी निळ्या रंगासाठी आल्या असतील की हचिन्ससाठी, तूच सांग. तेव्हा कोचचा करार किती वर्षं उरलाय हे विचारायला हरकत नाही. ते उद्धट वाटत नाही इथं.

संघ सोडून गेलेल्या पोरींशी बोल. असलेल्यांशी कोच स्वतःच बोलायला लावेल, त्या छानच बोलतील. जुन्या निकालांतून नावं काढ, यंदाच्या यादीशी ताडून बघ, ज्या दिसत नाहीत त्यांना मेसेज कर. पाचातल्या दोघी तरी उत्तर देतील. कुणी दुसऱ्या कॉलेजात गेली असेल तर ते लगेच वाईट समजू नकोस. हल्ली बदली सोपी झालीय, निळ्यातून हिरव्यातही जातात.

थंडीचं तू विचारलंयस. दोन्हीकडं सारखीच, जानेवारीत नाकातलं पाणी गोठतं. त्या ओळीला दोन्हीकडं शून्य गुण दे.

मला स्वतःला काय वाटतं ते मुद्दाम लिहीत नाहीये, कारण घरात अजून मतभेद आहेत आणि ते तुझ्या अंगावर काढण्यात अर्थ नाही. तक्ता सोबत जोडलाय. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या सात निळ्या (रंगाचा अर्थ लावू नकोस, पेन तेच हाताशी होतं). दोन्ही कोचबरोबर व्हिडिओ कॉल आहेत म्हणालीस, एक ऑक्टोबरच्या शेवटी आणि एक नोव्हेंबरच्या मध्यावर, दोन्ही इथल्या सकाळी नऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं जातात. म्हणजे पहिला कॉल तुझ्याकडं संध्याकाळी साडेसहाला, दुसरा साडेसातला. गेल्या वर्षी एक पोर तासभर आधी रिकाम्या स्क्रीनसमोर बसून रडली होती, कोच आलाच नाही म्हणून.

तुझी,
काकू
ब्रायटन, मिशिगन