ब्राँझच्या दरपत्रकाविषयी

प्रिय,

तुझे पत्र आणि सोबतचे कंत्राटदाराचे दरपत्रक, दोन्ही वाचले. ‘ड्यूक ऑफ एडिंबरा’ पुरस्कार योजनेतल्या ब्राँझ, म्हणजे पहिल्या, पातळीच्या साहसी प्रवासासाठी नववीच्या मुलांना वातानुकूलित बस, आधीच उभारून ठेवलेले तंबू, तिन्ही त्रिकाळ तयार जेवण आणि वर एक छायाचित्रकार, असा तो सगळा सरंजाम आहे. एवढे पैसे निम्म्या पालकांना झेपणार नाहीत, तेव्हा योजनाच बंद करावी का, असे तू विचारतेस. योजनेचा उपयोग तुला पटवण्यात मी शाई घालवणार नाही, कारण तू स्वतः तिच्यातून गेली आहेस. माझा राग त्या दरपत्रकावर आहे. जे मुलांनी करायचे, तेच त्यात विकत घेतलेले आहे.

ही योजना 1956 साली ब्रिटनमध्ये एडिंबराच्या ड्यूकच्या नावाने सुरू झाली. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांची त्यामागे प्रेरणा होती आणि 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट तिचे पहिले संचालक होते. ज्या माणसाच्या मोहिमेत शेकडो हमाल होते, त्याने उभारलेल्या योजनेत मुलांनी आपले ओझे आपणच वाहावे ही अट असावी, याची मला नेहमी गंमत वाटते. ब्राँझसाठी दोन दिवस आणि एक रात्र, चार ते सात मुलांचा गट, दिवसाला किमान 6 तासांचा उद्योग आणि त्याआधी एक सरावाचा प्रवास, एवढेच लागते. यात छायाचित्रकार कुठे बसतो, ते तूच सांग.

काटकसर कुठे करू नये, हेही स्पष्ट लिहितो. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला आणि वाट पायाखालची असलेला प्रमुख, विमा, पुरेशी मोठी माणसे आणि जवळच्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची सोय यांवर शाळेने कुरकुर न करता खर्च करावा, कारण ते काम मुलांचे नव्हे. बाकी राजमाचीचेच बघ. पुण्याहून लोकलने लोणावळा, तिथून तुंगार्लीमार्गे सुमारे 15 किलोमीटर चालले की श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी लागते. तंबू आणि सॅक शाळेने एकदा घ्याव्यात आणि वर्षानुवर्षे वापराव्यात. बुटांचा एक साठाही ठेव, आणि तो कोणासाठी आहे याचा गवगवा करू नकोस. ‘घरी काम आहे’ म्हणून नाव न देणाऱ्या मुलाच्या घरी पुष्कळदा काम नसते, पायात घालायला धड बूट नसतात.

प्रवास हा तर योजनेचा एक भाग झाला. सेवा, कौशल्य आणि शारीरिक व्यायाम हे उरलेले भाग प्रत्येकी किमान तीन महिने, आणि त्यांतला एक सहा महिने, दर आठवड्याला नेमाने करायचे असतात. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही, चिकाटी लागते, आणि नेमकी तीच विकत मिळत नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडण्यापुरते प्रमाणपत्र हवे असलेले पालक तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण त्यांच्या सोयीसाठी नियम वाकवूही नकोस. जे मुलांनी करायचे, ते विकत घ्यायचे नाही.

या हट्टापायी माझ्याकडून हे काम काढून घेतले गेले, हे तू ऐकले असशीलच. उधेवाडीत एका गटाची खिचडी खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. पातेल्याला दगड टेकवून वारा अडवायचा हे कोणालाच सुचले नव्हते. मुले भांडली, मग करपलेला थर खरवडून बाजूला केला, उरलेल्यात पाणी घालून पुन्हा शिजवली आणि रात्री उशिरा जेवली. माझ्या पिशवीत सगळ्यांना पुरतील इतक्या पोळ्या होत्या आणि त्या मी काढल्या नाहीत. एका पालकांनी तक्रार केली, पुढच्या वर्षी शाळेने कंत्राटदार नेमला. मी आजही त्या पोळ्या काढणार नाही. मुले संकटात नव्हती, फक्त भुकेली होती, आणि या दोहोंतला फरक ज्या शिक्षकाला कळत नाही त्याने मुलांना डोंगरावर नेऊच नये.

तेव्हा मुख्याध्यापकांकडे ते दरपत्रक घेऊन जाऊ नकोस. मुलांनाच नकाशा घेऊन बसव आणि खर्चाचा कागद त्यांच्याच अक्षरात करायला लाव: लोकलचे तिकीट, तांदूळ, डाळ, तेल, स्टोव्हचे इंधन. इंधन लोकलमधून नेता येत नाही, एवढे मात्र त्यांना आधीच सांग, ते लोणावळ्यातच घ्यावे लागेल. माणशी तांदूळ कमी धरलेले दिसले तर लाल पेन उचलू नकोस. सरावाचा प्रवास त्यासाठीच असतो.

तुझा,
सर