खोक्यातलं मृगनक्षत्र

प्रश्न : सहावीसाठी मराठी, विज्ञान, चित्रकला मिळून मृगनक्षत्राचा प्रकल्प घेतलाय. बुटाच्या खोक्याला ताऱ्यांच्या जागी भोकं पाडून आत बघितलं, की आकृती उलटी दिसते. असं का?

उत्तर : नकाशा बाहेरून लावून टोचलात, की आतून बघताना डावं-उजवं बदलतं. कागद पालथा घालून टोचा. व्याधासाठी (शिकाऱ्याचा, सगळ्यात तेजस्वी तारा) दाभण, काक्षी-राजन्य या मृगातल्या दोन ठळक ताऱ्यांसाठी जाड सुई, बाणाच्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांसाठी बारीक. सगळी भोकं सारखी पाडली तर तेजस्विता शिकवायची राहूनच जाते. समोरच्या बाजूला डोळ्यासाठी एक सेंटिमीटरचं भोक पुरे.

रुद्राने हरणाला बाण मारल्याची गोष्ट सांगताना त्या तीन ताऱ्यांवर पट्टी ठेवायला लावा. रेघ जवळजवळ व्याधावरच जाते. शिकाऱ्याचा नेम मुलंच तपासतात! जानेवारीअखेर रात्री आठला आग्नेयेकडे खरं नक्षत्र दाखवा. निबंध त्यानंतरच, नाहीतर गाइडातला उतरतो.