वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेवरून देवमाशांचा अभ्यास

प्रश्न : मी रत्नागिरीला प्राणिशास्त्राच्या द्वितीय वर्षात शिकते. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू येऊन अडकले, तेव्हा मी ते पाहायला गेले होते. त्याला परत समुद्रात नेऊन सोडले, तरी ते वाचले नाही. मेलेल्या नव्हे तर जिवंत देवमाशांचा अभ्यास करावा, असे तेव्हापासून मनात आहे. परदेशात विद्यार्थी शिडाच्या नौकेवर राहून असा अभ्यास करतात, असे ऐकले. इंजिनाच्या बोटी असताना शीड कशासाठी? विद्यार्थ्याला तिथे नेमके काय काम असते? मला बोट लागते. जयगडची फेरीबोटसुद्धा सोसत नाही. हा विचार सोडून द्यावा का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी घेते. बोट लागणे म्हणजे डोळे एक सांगत असताना आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगत असणे. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत याला सरावते, पण खाडी ओलांडायच्या फेरीत सरावायला तेवढा वेळच मिळत नाही. डॉक्टरांना विचारून औषध नौकेवर चढण्यापूर्वीच घ्यावे, पोट रिकामे ठेवू नये आणि नजर क्षितिजावर ठेवावी. माझे स्वतःचे पहिले अडीच दिवस बादलीच्या सोबतीने गेले होते. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटल्या.

शिडाचे कारण समजण्यासाठी स्पर्म व्हेल हा देवमासा डोळ्यांसमोर ठेवा. (मराठी वृत्तपत्रांत तो जवळजवळ नेहमी ‘उलटी’च्या तस्करीच्या बातमीतच भेटतो, ही त्याची आणि आपली शोकांतिका आहे.) तो एका बुडीत सुमारे पाऊण तास खाली राहतो, अनेकदा पाचशे मीटरहून खोल जाऊन माकूळवर्गातील प्राणी धरतो आणि वर येऊन जेमतेम आठ-दहा मिनिटे श्वास घेतो. म्हणजे दिवसाचा बहुतांश काळ तो दिसतच नाही. पण ऐकू मात्र येतो, कारण खालच्या अंधारात भक्ष्य शोधताना तो सेकंदाला एक-दोन या गतीने टकटक आवाज करत राहतो आणि पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, तो कित्येक किलोमीटरवरून ऐकता येतो. इंजिन चालू असेल तर ही टकटक त्या घरघरीत बुडते. शिवाय कळपासोबत रात्रंदिवस, आठवडे-आठवडे राहायचे तर इंधनाचा खर्च आणि साठा दोन्ही आड येतात. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. तरीही शीड आहे म्हणजे इंजिन नाहीच, असे समजू नये. वारा पडला किंवा वर आलेल्या प्राण्याला वेळेत गाठायचे असले, की छोटे इंजिन लावावेच लागते.

1979 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयक्षेत्र जाहीर केले आणि त्यानंतर लवकरच ‘ट्युलिप’ नावाची, केवळ दहा मीटर लांबीची शिडाची नौका श्रीलंकेच्या त्रिंकोमालीपर्यंत येऊन याच पद्धतीने काम करत होती. त्या मोहिमेतील हॅल व्हाइटहेड पुढे कॅनडातील हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात गेले. त्यांच्या ‘बलीना’ या सुमारे बारा मीटर लांबीच्या नौकेवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या. 2005 मध्ये कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटाजवळ याच पद्धतीने एका कुटुंबाची सुमारे 40 दिवस सोबत करता आली. कोणते पिल्लू कोणाजवळ राहते आणि आई खोल गेल्यावर ते कोण सांभाळते, हे धावत्या भेटीत कळणे शक्य नव्हते.

आता काम. चार-पाच माणसे, एक स्वयंपाकघर, एक संडास आणि पाळ्या. पाळीवर असाल तेव्हा सुकाणू धरायचे, ठरावीक वेळाने कानाला हेडफोन लावून हायड्रोफोन फिरवत आवाजाची दिशा ठरवायची, आणि वेळ, स्थान, वारा, ऐकू आलेल्या प्राण्यांचा अंदाज हे सारे नोंदवहीत लिहायचे. देवमासा बुडी घेताना शेपटी उचलतो, तो क्षण दिवसा चुकवून चालत नाही, कारण शेपटीच्या कडेवरील खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि ओळख त्यांच्या छायाचित्रावरच ठरते. तो गेल्यावर पाण्यावर उरलेल्या गुळगुळीत चकतीत गळून पडलेल्या कातडीचे तुकडे जाळीने टिपले, की आनुवंशिक तपासणी करता येते. मला स्वतःला सर्वांत आवडे ती मात्र संध्याकाळ, जेव्हा कळप एकत्र येतो आणि शिकारीच्या टकटकीऐवजी ठरावीक लयीचे बोल ऐकू येतात. डॉमिनिकाच्या बाजूला त्यांतील नेहमीचा बोल म्हणजे दोन सावकाश ठोके आणि पाठोपाठ तीन जलद. अशा बोलींवरून प्रशांत महासागरातील स्पर्म व्हेलची वेगवेगळी कुळे ओळखली गेली, तो शोधनिबंध 2003 चा आहे.

पण हे सुखाचे तास थोडे असतात. पहाटे तीन वाजता काहीही ऐकू आलेले नसताना ‘काही नाही’ असे वेळेसह लिहिणे हीसुद्धा नोंदच असते, आणि ती टाळली तर ‘इथे देवमासे नव्हते’ आणि ‘इथे कोणी ऐकलेच नाही’ यांतील फरक पुढे कोणालाही कळत नाही. माझ्या मते विद्यार्थ्याची खरी परीक्षा तिथे होते, डोलकाठीवर चढण्यात नव्हे. स्वतःला आजमावायचे असेल तर मांडवीच्या किनाऱ्यावर महिनाभर रोज ठरल्या वेळी तासभर बसून डॉल्फिन दिसले की नाही ते लिहून पाहा. सोबत संख्याशास्त्र मनापासून शिका, कारण समुद्रावरच्या एका महिन्यामागे संगणकासमोरचे कित्येक महिने असतात. पैसे भरून नौकेवर घेणाऱ्या संस्थांना आधी दोनच गोष्टी विचाराव्यात : संशोधनाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि तुम्ही घेतलेल्या नोंदी पुढे कोण वापरणार आहे. उत्तर गोलमाल असेल तर ती सहल समजावी.

प्रश्न : नौका एवढी जवळ नेल्याने देवमाशांना त्रास होत नाही का? आणि कातडीचा तुकडा महाविद्यालयाच्या संग्रहासाठी आणता येईल का?
— एक प्राध्यापक, सांगली

उत्तर : त्रास होऊ शकतो, म्हणूनच नौका मागच्या बाजूने, हळू आणि ठरावीक अंतर राखून नेतात, आणि प्राण्याने शेपटी न उचलता नुसतीच उथळ बुडी मारली तर आपण नकोसे झालो आहोत असे समजून मागे राहतात. तुकडा मात्र आणता येणार नाही. स्पर्म व्हेल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइटीस’ (CITES) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही. त्यामुळे पाण्यावर तरंगत मिळालेली कातडीसुद्धा दोन्ही देशांच्या परवानगीवाचून सीमा ओलांडू शकत नाही. संग्रहासाठी शेपटीची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण मागवावे. वर्गात ऐकवण्यासाठी ते कातडीपेक्षा कितीतरी उपयोगी पडेल.