नवरा ज्यू, मी मराठी हिंदू. मुलीला रिफॉर्म सिनेगॉगच्या प्रीस्कूलमध्ये घालावं का? तिथे धर्म किती शिकवतात?

ताई, प्रश्न वाचला आणि रात्रीची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले, कारण शाळेच्या पार्किंगमध्ये मला दोनतीन आयांनी अगदी हेच विचारलंय. तुम्ही लिहिलंय की नवरा अमेरिकन ज्यू, तुम्ही सोलापूरच्या, मुलगी सव्वातीन वर्षांची, सासूबाई म्हणतायत आमच्या टेंपलच्या (रिफॉर्मवाले सिनेगॉगला टेंपल म्हणतात) प्रीस्कूलमध्येच घाला, आणि तुम्हाला धास्ती की घरातला गणपती तिला परका होईल.

आधी मी कोण ते सांगते. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. टेंभी नाक्याजवळचं १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आमचं, शाळा मराठी माध्यमाची, आजूबाजूला सगळी हिंदू घरं. लग्न होऊन न्यू जर्सीला आले आणि गेली नऊ वर्षं इथल्या एका रिफॉर्म टेंपलच्या प्रीस्कूलमध्ये असिस्टंट टीचर आहे, तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गावर. म्हणजे मी ज्यू आहे पण रिफॉर्म ही ज्यूंमधली सुधारणावादी पद्धत मलाही नवीनच होती. ठाण्याला आम्ही बायका वर गॅलरीत बसायचो, इथे रॅबायच, म्हणजे धर्मगुरूच, बाई. अमेरिकेत रिफॉर्मवाल्यांनी १९७२ मध्येच सॅली प्रीसँड या बाईंना रॅबाय केलं होतं, आता त्याचं कुणाला काही वाटतही नाही, आमच्या वर्गातल्या एका मुलाला तर पुरुष रॅबाय असू शकतो हेच पटत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घाला, मला तरी यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण कुणी म्हणालं की हे नुसतं प्रीस्कूल आहे, धर्म काय नावापुरता, तर ते धरून चालू नका. धर्म तिथे भरपूर आहे. फक्त तो पाठ करून घेत नाहीत, मुलांच्या हातातून आत जातो. देव म्हणजे काय हे तीन वर्षांच्या पोराला कुणी समजावत बसत नाही, पण शुक्रवार म्हणजे काय हे दोन महिन्यांत त्याच्या अंगात भिनलेलं असतं.

शुक्रवारचंच सांगते म्हणजे कळेल. सकाळी मुलं आली की आधी हात धुवायचे आणि पीठ मळायचं. खाला म्हणून वेणी घातलेला ब्रेड असतो शब्बाथचा (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, इथली मुलं शबात म्हणतात), त्याचं पीठ. तीन वळ्या करायच्या आणि वेणी घालायची, अर्ध्या मुलांना वेणी जमतच नाही, मग तो नुसता गोळाच होतो आणि तो गोळाही तसाच भाजायचा, नीट करून द्यायचा नाही हा आमच्या मुख्य बाईंचा नियम. कॉरिडॉरभर वास सुटतो. मग त्सेदाकाचा डबा फिरतो, प्रत्येकाने घरून आणलेलं नाणं त्यात टाकायचं. त्सेदाका म्हणजे आपण म्हणतो तसं दान नाही हं, तो शब्द न्याय या शब्दावरून आलाय, म्हणजे ज्याचं त्याला द्यायलाच हवं असं काहीतरी, आणि मुलांना आम्ही तसंच सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी डबा उघडतात आणि पैसे कुठे द्यायचे ते मुलंच ठरवतात. गेल्या वर्षी बाळांच्या डायपरसाठी द्यायचं ठरलं, आधी अर्धा तास मांजरांचं खाणं की डायपर यावर वाद झाला होता. मग साडेदहाला सगळे वर्ग मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर बसतात, रॅबाय गिटार घेऊन येतात, मेणबत्त्या लावतात, डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद, एवढ्याशा कपातून द्राक्षाचा रस, मग ब्रेडचा आशीर्वाद आणि ब्रेड. वीस मिनिटांत आटोपतं. दर आठवड्याला एका मुलाला पिशवी घरी मिळते, त्यात कापडाची मऊ तोरा (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ), दोन मेणबत्त्या आणि एक वही असते, घरी शब्बाथ कसा केला ते आईबाबांनी त्यात लिहायचं. खरं सांगायचं तर शाळेचा अर्धा अभ्यास आईबाबांसाठी असतो, कारण कित्येक घरांत आईबाबाच सगळं विसरलेले असतात आणि मूल येऊन त्यांना सांगतं की आज मेणबत्ती लावायचीये.

पहिल्या शुक्रवारी ते छोटे कप बघून मला ठाण्याची आजी आठवली. तिच्याकडे द्राक्षाचा रस कुठला, ती काळ्या मनुका भिजवून कुस्करून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, शरबत करायची, ब्रेडच्या जागी घरच्या चपात्या, आणि मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा. मला कुणी बसवून काही शिकवलं नाही, पण शेमा ही प्रार्थना झोपताना तिच्या कुशीत तोंडात बसलं ते आजही बसलेलं आहे. इथल्या शाळेत जे करतात ते तेच आहे, फरक एवढाच की आजीचं काम आता शाळेने अंगावर घेतलंय.

देवाबद्दल मुलं विचारतातच. आमच्या वर्गातला मासा मेला तेव्हा एकाने विचारलं की तो देवाकडे गेला का, आणि देव पाण्यात राहतो का. तिथे आम्हाला शिकवलंय की उत्तर देण्याआधी तुला काय वाटतं ते विचारायचं, आणि मग काही ज्यू लोकांना असं वाटतं, काहींना तसं वाटतं, एवढंच म्हणायचं. रिफॉर्म पद्धतीत हे पुढेही तसंच राहतं, प्रत्येकाने शिकावं आणि काय पाळायचं ते समजून उमजून ठरवावं. मला सुरुवातीला हे फार मोघम वाटायचं, आमच्याकडे आजी ठाम सांगायची. पण पेसाखच्या सणाला कळलं की प्रश्न विचारणं हाच मुळात विधी आहे. सेडरच्या, म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या विधीच्या, जेवणात घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं, आजची रात्र वेगळी का, आणि मोठ्यांनी त्याला मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीची आणि सुटकेची गोष्ट सांगायची. मूल विचारतच नसेल तर त्यानं विचारावं म्हणून मुद्दाम काहीतरी चमत्कारिक करायचं, मात्झाचा (बिनखमिराच्या रोटीचा) तुकडा लपवायचा वगैरे. शाळेत याची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत झाडांच्या सणापासून सुरू होते, मुलं कुंडीत पार्सली लावतात आणि पेसाखला तीच पार्सली मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. सफरचंद आणि अक्रोडाचं गोड खारोसेटही करतात, आमच्यात ते खजुराचं असतं म्हणून मी दर वर्षी घरून एक वाटी नेते. पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासकट छापलेली हगादा (सेडरला वाचायचं पुस्तक) आहे, तिच्यातल्या एका चित्राची झेरॉक्स मी वर्गात लावलीये, त्यात नऊवारीतल्या बायका मात्झा करतायत, मुलांना ते चित्र फार आवडतं.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते, इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगायलाच हवी. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम, त्याची एक गोष्ट आहे, तोरात नाहीये ती, नंतरच्या रॅबायांच्या मिद्राशातली, म्हणजे तोरावर रचलेल्या कथांमधली आहे, पण ज्यू मुलांना सर्रास सांगतात. अब्राहामच्या बापाचं मूर्तींचं दुकान असतं, एक दिवस मुलगा सगळ्या मूर्ती फोडतो, काठी सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या हातात ठेवतो आणि बापाला सांगतो की हिनेच फोडल्या. मुलं खदखदून हसतात. दुसऱ्या वर्षी मीच ती गोष्ट मातीची खेळणी घेऊन रंगवून सांगितली. वर्गात एक भारतीय घरातला मुलगा होता, आई हिंदू. त्याने घरी जाऊन विचारलं, आपला बाप्पा पण फोडायचा का? दुसऱ्या दिवशी सकाळी ती आई आली, ओरडली नाही, शांतपणे एवढंच सांगून गेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण ज्या बाईने लहानपणी दर वर्षी शेजारच्या गणपतीची आरती ऐकली आणि मोदक खाल्ले तिलाच हे सुचू नये? मी डायरेक्टर आणि रॅबायना जाऊन सांगितलं. रॅबाय म्हणाल्या ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलांची नाहीच, मोठी मुलं तिच्यावर वाद घालू शकतात तेव्हा सांगायची. आमच्या वर्गातून ती काढली. त्या मुलाची आणि आईची मी माफी मागितली. त्या बाईंनी मुलाला शाळेतून काढलं नाही, पण पुढे वर्षभर प्रत्येक सणाआधी येऊन विचारायच्या की यावेळी कोणती गोष्ट सांगणार. बरोबरच होतं त्यांचं. तुम्हीही अॅडमिशनच्या आधी हे थेट विचारा, ही गोष्ट सांगता का, कोणत्या वर्गात सांगता, आणि घरी मूर्ती असलेल्या मुलाने काही विचारलं तर काय उत्तर देता. उत्तर देताना कोण अडखळतं आणि कोण विचार करून बोलतं ते लगेच कळतं.

आणि एक गोष्ट शाळेच्याही आधीची आहे, ती नवऱ्याशी बसून बोलून घ्या. ज्यू धर्मात परंपरेने आई ज्यू तर मूल ज्यू. पण रिफॉर्म रॅबायांच्या परिषदेने १९८३ मध्ये ठराव केला की आईबाबांपैकी कुणीही एक ज्यू असला तरी मूल ज्यू धरायचं, मात्र त्या मुलाने नाव ठेवणं, तोरा शिकणं, बार किंवा बात मित्झवा (मुलगा किंवा मुलगी वयात येतानाचा धार्मिक समारंभ) अशा उघड गोष्टींमधून ते दाखवायला हवं. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत शिक्षण हे नुसतं शिक्षण नाहीये, तिचं ज्यू असणं बऱ्याच अंशी त्यावर उभं राहणार आहे, सासूबाईंचा आग्रह बहुतेक यातूनच येतोय. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे ज्यूंमधले जास्त परंपरा पाळणारे लोक हा ठराव मानत नाहीत, तेही माहीत असू द्या, नाहीतर मुलगी वीस वर्षांची झाल्यावर कुणीतरी तिला सांगेल आणि धक्का बसेल. दुसरं म्हणजे १९९५ मध्ये रिफॉर्म टेंपलांच्या संघटनेने सुचवलं की जी मुलं दुसऱ्या धर्माचंही औपचारिक शिक्षण घेतायत त्यांना टेंपलच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत घेऊ नये. ही प्रीस्कूलची गोष्ट नाही, प्रीस्कूलमध्ये कुठल्याही धर्माची मुलं येतात, आमच्याकडे दर वर्षी असतात. ही रविवारच्या शाळेची गोष्ट आहे, जी किंडरगार्टनपासून सुरू होते आणि पुढे तिसरी-चौथीपासून हिब्रूसाठी आठवड्यात आणखी एक दिवस. घरी गणपती बसवला, दिवाळीला फराळ केला, आजीआजोबांकडे पूजेला बसली, याला कुणी औपचारिक शिक्षण म्हणत नाही. पण रविवारी सकाळी टेंपल आणि दुपारी बालविहार (हिंदू मुलांचा संस्कारवर्ग) असं दोन्ही ठरवलं असेल तर तिथल्या रॅबायना आधी विचारा, काही टेंपल चालवून घेतात, काही नाही. माझं स्वतःचं मत म्हणाल तर हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, शाळेवर सोडायचं नाही. मुलीला विचारलं जाणारच की तू कोण, आणि तिच्याकडे आईने आणि बाबाने मिळून दिलेलं एक वाक्य असायला हवं. आमच्या वर्गात ज्यांच्याकडे असं वाक्य असतं ती मुलं मजेत असतात, मग ते वाक्य कोणतंही असो.

सिक्युरिटीचं तुम्ही विचारलं नाहीत पण पहिल्याच दिवशी दिसेल. दाराशी गार्ड, कुलूप, कोड. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली गेली, २०२२ मध्ये टेक्ससमध्ये कॉलीव्हिलच्या रिफॉर्म टेंपलमध्ये रॅबायसकट चौघांना ओलीस धरलं होतं, ते सगळे वाचले. आम्ही मुलांबरोबर लपण्याची ड्रिल करतो, मुलांना तो शांत बसण्याचा खेळ वाटतो. मला ते करताना दर वेळी पोटात गोळा येतो. हे मी झाकून ठेवणार नाही, तुम्हीही विचार करूनच ठरवा.

बाकी किरकोळ. डब्यात डुकराचं मांस आणि कोळंबी-खेकडे चालत नाहीत, बऱ्याच शाळांत डबा शाकाहारी किंवा दूधदुभत्याचाच, म्हणजे तुमचं काहीच अडणार नाही, पेसाखच्या आठवड्यात मात्र पोळी-ब्रेड नको असतं, तेव्हा भात चालतो का ते ऑफिसात विचारा (आमच्यात बेने इस्राएलांत चालतो, युरोपातून आलेल्या कित्येक घरांत नाही). सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सणांच्या सुट्ट्या एकामागून एक येतात, नोकरी असेल तर रजेचं आत्ताच बघून ठेवा. आणि पीजे लायब्ररीत मुलीचं नाव घाला, ज्यू मुलं वाढवणाऱ्या घरांना दर महिन्याला फुकट पुस्तक येतं, एक जण ज्यू असला तरी चालतं.

फोनवर चौकशी करून काही कळणार नाही. एखाद्या शुक्रवारी साडेदहाला जाऊ का असं विचारा, बहुतेक हो म्हणतील, आणि हॉलमध्ये मागे जमिनीवर बसा. मुलांकडे बघू नका इतकं, टीचर लोकांकडे बघा, ते स्वतः गातायत का नुसते मुलांना गप्प करतायत. मुलीलाही न्या. केस घट्ट बांधून न्या, खालाचं पीठ केसात गेलं की दोन धुण्यांतही निघत नाही.