नाव सांगून झाल्यानंतर

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वय 46 आहे. मी 17 वर्षे एका कार्यालयात काम केले आणि शेवटची पाच वर्षे तिथल्या एका विभागाची प्रमुख होते. आईच्या दीर्घ आजारपणात मला ती नोकरी सोडावी लागली. आई गेली त्याला आता सात महिने होतील. या वर्षी राखेच्या बुधवारनंतरच्या, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्यानंतरच्या, पहिल्या शुक्रवारी, क्रुसाची वाट ही येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना झाल्यावर, आमच्या चर्चमध्ये एक लहान प्रार्थनागट सुरू झाला आणि सर्वांनी आपापली ओळख करून द्यावी असे ठरले. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितले. पुढे काहीच सुचेना म्हणून जुने पद सांगून टाकले, जणू काही दुसऱ्या दिवशी मी तिथेच कामावर जाणार होते. घरी आल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या शुक्रवारी मी गेलेच नाही. त्या दिवसापासून मी दिवसातून एकदाच जेवते, तरी मन हलके होत नाही. मी त्या गटात पुन्हा जावे का? गेले तर मी कोण आहे म्हणून सांगू?

एक वाचक

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तुमच्या प्रश्नांपर्यंत पोहोचण्याआधीच थबकले, कारण त्यांच्या आधी तुम्ही सहज लिहून गेला आहात की तुम्ही रोज एकदाच जेवता. म्हणून पहिल्यांदा जेवणाविषयी. तुम्ही कॅथलिक असाव्यात असे मी पत्रावरून धरून चालते. चर्चच्या नियमानुसार 18 ते 59 या वयातील निरोगी व्यक्तीवर उपवासाचे बंधन वर्षातून दोनच दिवशी असते, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण करून सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाण्याची मुभा असते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात, पण त्यांतले सहा रविवार वगळूनच उपवासकाळाच्या चाळीस दिवसांचा हिशेब होतो, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपवास नसतो. याहून अधिक काही स्वेच्छेने करणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तुमचे मात्र तसे नाही. तुम्ही त्या शुक्रवारच्या एका वाक्याबद्दल स्वतःला शिक्षा ठोठावली आहे आणि तिला उपवासाचे रूप दिले आहे. उपवासाने माणूस देवाकडे आणि शेजाऱ्याकडे मोकळा व्हावा अशी अपेक्षा असते. तुमच्या एकवेळच्या जेवणाने तुम्हाला घरात कोंडून ठेवले आहे. तेव्हा आजपासून नीट जेवा. ज्या बाईने महिनोन्‌महिने आजारी माणसाचे केले आहे, तिच्या अंगात आधीच थकवा मुरलेला असतो.

आता त्या वाक्याकडे वळते. तुम्ही जे बोललात ते खरे नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मी ते सौम्य करून सांगणार नाही. परंतु ते का बोललात, याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाची दोन उत्तरे होती. पहिले पदाचे होते, ते तुम्ही आईसाठी सोडले. दुसरे आईचे होते: आजारी आईची काळजी घेणारी मुलगी, जिला औषधांच्या वेळा पाठ होत्या आणि जिच्या दिवसाला त्यामुळे आकार होता. आई गेली आणि तेही उत्तर गेले. त्या शुक्रवारी सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळल्या, तेव्हा तुमच्या हाताशी चालू वर्तमानकाळातले एकही वाक्य नव्हते, म्हणून हात जुन्या वाक्याकडे गेला. बुडताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि तुमच्या हाताला 17 वर्षांची सवय लागली. ही गोष्ट मोठेपणा मिरवण्याच्या हौसेपेक्षा फार वेगळी आहे, आणि त्यातले दुःख तुम्ही अजून कुणाजवळ मोकळे केलेले नसावे असे मला वाटते.

मी हे थोड्या अनुभवावरून लिहिते. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात कशाचा त्याग करावा याचा विचार करताना माझ्या लक्षात आले की आवडीचे पदार्थ सोडणे मला जड जात नाही. मला जड जाईल ते माझ्या कामाचे नाव सोडणे. म्हणून मी ठरवले की ते चाळीस दिवस नव्या माणसाला ओळख करून देताना मी काय काम करते हे आपणहून सांगायचे नाही. पहिल्या आठवड्यात माझी त्रेधा उडाली. नाव सांगून झाले की एक शांतता पसरे, आणि ती इतकी असह्य होई की मी घाईघाईने हवापाण्याविषयी बोलू लागे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मी त्या शांततेत नुसती उभी राहायला शिकले, आणि तेव्हा असे दिसून आले की समोरचा माणूस आपोआप बोलू लागतो. कधी स्वतःविषयी, कधी ज्या कारणाने आम्ही दोघे तिथे जमलो होतो त्याविषयी. आपले पद ऐकण्यासाठी कुणी खोळंबलेले नसते, ही जाणीव मला सुरुवातीला बोचली आणि नंतर तिने मला फार विसावा दिला. तुम्हाला पडलेला प्रश्न मला त्या वर्षी रोज पडत होता.

ओळख करून देणे आणि उपवासकाळ यांचा संबंध मी ओढूनताणून जोडते आहे असे समजू नका. तो फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एगेरिया नावाच्या एका यात्रेकरू स्त्रीने जेरुसलेममधला उपवासकाळ पाहून लिहून ठेवला आहे. ईस्टरला ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असे, ते या काळाच्या आरंभी आपले नाव देत. दुसऱ्या दिवशी बिशप प्रत्येकाच्या शेजाऱ्यांना विचारत की हा माणूस कसा वागतो, आईवडिलांचा मान राखतो का, आणि उत्तर चांगले आले की स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहून घेत. आजही प्रौढांच्या बाप्तिस्म्याच्या तयारीत उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी नावनोंदणीचा विधी होतो. मला या वर्णनातले एवढेच मोलाचे वाटते की उमेदवाराने आणायचे ते नाव. बाकीची ओळख त्याच्याबरोबर राहणाऱ्यांनी भरायची. आईवडिलांचा मान राखतो का, हा प्रश्न आज तुमच्या शेजाऱ्यांना विचारला गेला असता, तर त्यांना उत्तर द्यायला क्षणभरही लागला नसता.

तुम्हाला सर्वांत जास्त टोचते आहे ते खोटे. त्यासाठी गुड फ्रायडेला दरवर्षी वाचला जाणारा, बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तांत या वेळी थोडा आधीच, घरी, सावकाश वाचा. बागेत शिपाई येतात तेव्हा येशू विचारतो की तुम्ही कुणाला शोधता, ते ‘नासरेथकर येशूला’ म्हणतात आणि तो म्हणतो, ‘मीच तो आहे.’ त्यानंतर काही ओळींच्या अंतरावर, अंगणातल्या शेकोटीपाशी, येशूचा शिष्य पेत्र याला विचारले जाते की तू त्याच्या शिष्यांपैकी आहेस ना, आणि तो म्हणतो, ‘मी नाही.’ जवळच्या माणसांतला सर्वांत जवळचा माणूस भीतीपोटी आपली ओळख चुकीची सांगतो. पुढे त्याच शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, समुद्राच्या काठी, येशू त्याच्याशी त्या रात्रीचा जाब विचारणारे एक अक्षरही बोलत नाही. तीन वेळा तो त्याला हाक मारतो, आणि तिन्ही वेळा स्वतः दिलेल्या ‘पेत्र’ या नावाने न मारता जन्मापासूनच्या नावाने मारतो: ‘योहानाच्या मुला, शिमोना.’ मग प्रेमाविषयी विचारतो आणि काम सोपवतो. त्या हाकेत पद नाही आणि दोषारोपही नाही. तुम्हाला धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावेसे वाटत असेल तर अवश्य करा, त्याने मन मोकळे होईल. पण त्यासाठी पोट उपाशी ठेवण्याची अट कुणी घातलेली नाही.

गटात परत जा. येत्या शुक्रवारीच जा, कारण प्रत्येक चुकलेल्या शुक्रवारबरोबर ते दार अधिक जड होईल. गट चालवणाऱ्या व्यक्तीला आधी गाठा, किंवा फोन करा, आणि सांगा की पहिल्या दिवशी मी जे काम सांगितले ते मी सोडले आहे आणि मला ते दुरुस्त करायचे आहे. पुन्हा ओळख करून देण्याचा प्रसंग आलाच, तर योहानच्या नवव्या अध्यायातल्या त्या जन्मांध माणसासारखे बोला. त्याला दृष्टी येते तेव्हा शेजाऱ्यांत वाद होतो की भीक मागत बसणारा तो हाच की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी. तो म्हणतो, ‘तो मीच आहे.’ काय घडले ते दोन-तीन वाक्यांत सांगतो, आणि तुला बरे करणारा कुठे आहे असे विचारल्यावर सरळ म्हणतो की मला ठाऊक नाही. मला ही ओळख परिपूर्ण वाटते, कारण तिच्यात काय बदलले ते आहे आणि अजून काय कळलेले नाही तेही आहे.

तुमची वाक्ये तुमच्या पत्रातच आहेत. मी ती फक्त जवळ आणून ठेवते. ‘मी अमुक. मागच्या वेळी मी माझे जुने पद सांगितले, पण ती नोकरी मी आईच्या आजारपणात सोडली. सात महिन्यांपूर्वी आई गेली. पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, आणि तुमच्याबरोबर प्रार्थना करावी असे वाटले म्हणून आले.’ याहून अधिक काही बोलू नका. कारणमीमांसा करू नका, क्षमेची लांबण लावू नका, आणि ‘मी तशी काही विशेष नाही’ हे तर मुळीच म्हणू नका. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात उपवास करताना चेहरा उदास न ठेवता तोंड धुवायला सांगितले आहे, आणि मला नेहमी वाटते की चारचौघांत स्वतःला उणे करून दाखवणे हाही न धुतलेला चेहराच असतो. नाव मात्र सावकाश, पूर्ण उच्चारा. बहुतेक लोक स्वतःचे नावच सर्वांत घाईने उरकतात. आवाज कापला तर कापू द्या. आईचे नाव घेताना डोळे भरले तर त्या गटात तरी कुणी त्याचे नवल करणार नाही, आणि केलेच तर तो गट तुमच्यासाठी नाही, एवढे समजेल.

आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा खाली ‘एक वाचक’ असे लिहू नका. ते नाव इथे छापले जाणार नाही, पण मला ते वाचायचे आहे.

तुमची,
ताई