घरचा फुकटचा फोटोग्राफर होऊन घे, फायद्यात राहशील

बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि ड्राइव्हवर टाकलेले फोटो पण सगळे बघितले, म्हणून उत्तराला उशीर झाला. तू दोन गोष्टी विचारल्या, कोणती लेन्स घेऊ आणि घरच्या कार्यक्रमांतून सुटका कशी करून घेऊ. माझ्या मते दोन्हीचं उत्तर शेवटी एकाच जागी जातं, पण लेन्सचं आधी सांगून टाकतो नाहीतर तू पुढचं वाचणारच नाहीस.

50 एमएम एफ 1.8 ची लेन्स स्वस्त आहे, चांगली आहे, सगळे तीच घ्या म्हणतात हे खरं. पण तुझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर लहान, त्याच्यावर 50 ची लेन्स 75-80 सारखी वागते, आणि तुमचं नागपूरच्या महाल भागातलं घर मी पाहिलंय, देवघराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभी राहिलीस तरी त्यात दोन चेहरे मावतील फक्त. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 सध्या पुष्कळ आहे. ती 24 च्या आसपास ठेव आणि वर्षभर तिथून हलवू नको. घ्यायचीच असेल तर 35 घे, पण पुढच्या वर्षी. कॉलेजच्या ग्रुपमधले काय घेऊन राहिले ते बघू नको, त्यातल्या अर्ध्यांना ताडोब्याचा वाघ काढायचाय आणि त्यासाठी 400 एमएम लागते, तुला नाही लागत.

आता फोटोंबद्दल. तू मारबतीचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या त्या पुतळ्यांचे, जे फोटो सगळ्यात वर ठेवलेत, मोठी पिवळी मारबत, मागे गर्दी, हात वर केलेली पोरं, ते व्यवस्थित आहेत, पण असे फोटो त्या दिवशी इतवारीत मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे असतात. 1880 च्या दशकापासून निघते ही मिरवणूक, आता तर दिल्ली-मुंबईचे फोटोग्राफर पण येतात, त्यांच्याशी तू नेहरू पुतळ्याजवळच्या गर्दीत धक्काबुक्की करून काय जिंकणार. आणि सगळ्यात खाली, "रिजेक्ट" लिहिलेल्या फोल्डरमध्ये, तुझ्या काकूचा फोटो आहे. महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींना, साडी नेसवतानाचा. तोंडात सेफ्टी पिना धरल्यात, एक हात कोठीवर (मुखवटा बसवतात त्या धडावर), दुसऱ्या हातात निऱ्या, आणि ती तुझ्यावर डोळे वटारून राहिली, बहुतेक "कॅमेरा ठेव अन् पदर धर" म्हणत असेल. थोडा हललाय. पण तुझ्या सगळ्या ड्राइव्हमध्ये दुसरा कोणीच काढू शकला नसता असा फोटो तो एकच आहे, कारण त्या खोलीत रात्री अकरा वाजता बाहेरचा फोटोग्राफर असूच शकत नाही. तू होतीस कारण तू पदर धरायला होतीस.

म्हणून म्हणतो सुटका मागू नको. तुझी तक्रार मला कळते, महालक्ष्म्या असो, मुंज असो, साखरपुडा असो, प्रत्येक मावशी "आमचा एक काढ नं" म्हणते आणि तुझा स्वतःचा फोटो तोवर निघून जातो. तर ते "आमचा एक काढ" आधी संपवून टाक. सगळे आल्या आल्या अर्ध्या तासात. म्हातारे खुर्चीवर, पोरं खाली सतरंजीवर, एफ 5.6 किंवा 8 म्हणजे पुढचे-मागचे सगळे स्पष्ट येतात, एकाच ग्रुपचे पाच-सहा शॉट घे कारण कोणीतरी डोळे मिटतंच. आणि त्याच रात्री व्हॉट्सॲपवर पाठव, डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणजे क्वालिटी मरत नाही. हे एवढं नीट केलं की लोक तुझ्याकडे बघणं सोडतात. मग तू स्वयंपाकघराच्या दारात दोन तास बसलीस तरी कोणी पदर सावरत नाही का हसून पोज देत नाही.

यावर्षी महालक्ष्म्यांना तीनही दिवस थांब, फक्त जेवणाच्या दिवशी नाही. आमच्या-तुमच्या सगळ्यांच्या घरचे फोटो त्या दुसऱ्या दिवसाचेच असतात, मुखवटे, दागिने, वर टांगलेला फुलोरा, पुढे नैवेद्याचं ताट. पण आदल्या दिवशी माळ्यावरून काढलेली पेटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मुखवटे, महालक्ष्म्यांच्या बाळांना झबले कोणते घालायचे यावरून झालेलं भांडण, पहाटेपासून सोळा भाज्या चिरणं, आंबील ढवळणं, आणि तिसऱ्या दिवशी रिकामी झालेली ती मखर, हे कोणी काढत नाही. हे काढ.

टेक्निकल दोन-तीन गोष्टी ज्या तुझ्या फोटोत मला सारख्या खटकल्या. तुमच्या मखरीच्या एलईडी माळा आणि ट्यूबलाइट यामुळे फोटोत आडवे काळे पट्टे आलेत. कॅमेरा खराब नाही झाला, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर स्पीड 1/250 सेकंदावर नेला की पट्टे दिसतात. घरात 1/100 वर ये, नाहीतर 1/50, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600-3200 गेला तर जाऊ दे, दाणे दिसले तर दिसू दे. फ्लॅश मुखवट्यावर मारूच नको, पितळेवर पांढरा डाग पडतो बस. आणि लाल साडी आणि कुंकू, यात कॅमेरा फसतो, लाल रंग फाटून सपाट होतो, तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेव आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढ म्हणजे नंतर सावरता येतं.

होमाई व्यारावाला यांचं नाव कॉलेजात ऐकलंच असशील, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, नेहरूंचे इतके गाजलेले फोटो त्यांचे. पण त्यांचे सुरुवातीचे, 1930 च्या दशकातले फोटो कधी शोधून बघ. मुंबईत जे. जे. स्कूलला शिकत होत्या, तिथल्याच मैत्रिणींचे आहेत. त्या मुली कशा बिनधास्त आहेत कॅमेऱ्यासमोर ते बघ. अनोळखी माणसासमोर तशी नसती राहिली कोणी.

प्रवासाचं. तुला लडाख हवंय आणि बाबा म्हणतात आधी कुलदेवीला माहूरला. जा माहूरला. लडाखला जायला माझा काही विरोध नाही, पैसे जमले की जाशीलच, तिथे तो निळा तलाव सगळ्यांना सारखाच दिसतो. माहूरला तुमच्या घरातले सगळे तेच तेच करत आलेत पिढ्यान्‌पिढ्या, कोण पुढच्या सीटवर बसतो इथपासून आर्णीला चहा कुठे घ्यायचा इथपर्यंत, आणि हे फक्त तुला माहीत आहे. गाभाऱ्यात कॅमेरा काढू नको, परवानगीचा वाद पण घालू नको. बाहेर पुष्कळ आहे. पायऱ्यांवरची नारळ-ओटीची दुकानं, आणि तो रेणुकेचा प्रसादाचा तांबूल, विड्याची पानं खलबत्त्यात कुटतात ना, ती कुटणारी माणसं, त्यांचे लाल झालेले हात. घरच्यांसोबत प्रवासात सकाळचा सोनेरी प्रकाश वगैरे मिळणार नाही हे गृहीत धरून चाल, बाबांच्या वेळापत्रकात तुम्ही पोचणार बरोबर बारा वाजता.

आणि बाराचं ऊन आपल्याकडे काय असतं ते तुला सांगायला नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर नागपुरात सूर्य भरदुपारी एकदम डोक्यावर येतो, सावली पायाखाली, त्या वेळेला चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे येतात. उपाय सोपा आहे, माणसांना उन्हात काढू नको. ओसरीत, दुकानाच्या ताडपत्रीखाली, एसटी स्टँडच्या शेडमध्ये, जिथे बाहेरचा उजेड जमिनीवर आपटून आत येतो तिथे काढ. उन्हाळ्यात मी दुपारचे पोर्ट्रेट असेच काढतो, आणि लोक विचारतात लाइट कोणती लावली.

अजून एक काम आहे, आणि हे मला लेन्सपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आजीची ती पत्र्याची पेटी. त्यातले फोटो खिडकीजवळ ठेवून, बाजूने उजेड घेऊन, फ्लॅश बंद करून कॉपी करून घे, नाहीतर 600 डीपीआयला स्कॅन कर. जे चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत ते आधी, तो गोंद फोटो पिवळा करतो. आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलने नाव लिही, बॉलपेनने नको, पुढून वळ उमटतात. नावं आजीला विचार, आत्ताच विचार, दिवाळीची वाट बघू नको. ती सांगत असताना तिचे पण काढ, पण इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी तिला दाखव. काकूला पण. तो पिनांचा फोटो विचारल्याशिवाय टाकला तर पुढच्या वर्षी त्या खोलीत शिरू देणार नाही ती, आणि बरोबरच करेल. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरणाऱ्या लहान पोरांचं पण तेच, आई-बापाला विचारायचं.

पोळ्याच्या आधी एखाद्या रविवारी माझ्या दुकानावर ये. ड्राइव्हची लिंक नको, सीताबर्डीत कुठेही 4 बाय 6 च्या मॅट प्रिंट काढून मिळतात, पंचवीस-तीस घेऊन ये, टेबलावर पसरू आणि त्यातल्या बारा ठेवू. कोणत्या बाजूला काढायच्या ते तू ठरवायचं, मी फक्त भांडेन.

तुझा,
काका

ता. क. लेन्स त्या चामडी पाउचमध्ये घालून कपाटात ठेवतेस असं आई म्हणाली. पावसाळ्यात बुरशी लागेल. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापर.