आधी देणं फेडा, मग मेंढा आणा

सलाम ताई,

तुमच्या मजकुरात मला दोन प्रश्न दिसतात. ख्रिस्ताचं बलिदान एकदाच आणि कायमचं झालं असताना जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचे रक्ताचे आणि चरबीचे पहिले सात अध्याय वाचायचे कशाला, हा एक. आणि तुमच्या मंडळीत सध्या जे चाललंय, 'अर्पण वाढवा म्हणजे आशीर्वाद वाढेल', त्याला या अध्यायांचा आधार आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. हे अध्याय त्याच्या अगदी उलट सांगतात.

बहुतेक जण पहिल्या अध्यायापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्यापर्यंत दमतात. तुम्ही सरळ लेवीय ५:१४ उघडा आणि ६:७ पर्यंत वाचा. हे दोषार्पण, म्हणजे दोष घडल्यावर भरपाईसह आणायचं अर्पण. उपदेशांत ते क्वचितच येतं. होमार्पणावर, म्हणजे जनावर पूर्ण वेदीवर जाळण्यावर, मात्र चिक्कार ऐकायला मिळतं, कारण 'सर्वस्व वाहून द्या' म्हणायला सोपं आहे आणि त्यात कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. दोषार्पणातले प्रसंग बघा: कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू नाकारली, जबरीने काही लुबाडलं, शेजाऱ्याला नाडलं, सापडलेली वस्तू दडवून वर खोटी शपथ खाल्ली. वेदीच्या पुस्तकात ही तंट्याबखेड्याची प्रकरणं आली कशी? तर शास्त्र याला परमेश्वराशी केलेला विश्वासघात म्हणतं. फसवलं शेजाऱ्याला, पण गुन्हा देवाचाही झाला.

मग काय करायचं? घेतलेलं सगळं परत, वर त्याचा पाचवा हिस्सा, ज्याचं त्याच्या हातात, आणि तेही दोषार्पणाच्या दिवशीच. त्याबरोबर निर्दोष मेंढा याजकाकडे. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार द्यायचे, आणि मेंढा त्या बारा हजारांत धरलेला नाही. ज्याचं बुडवलं तो वारला असेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल तर? गणना या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात त्याचीही सोय आहे. आधी पाप कबूल करायचं, आणि मग ती रक्कम परमेश्वराची म्हणून याजकाला द्यायची. थोडक्यात, धनको मेला म्हणून देणं बुडत नाही.

आता मत्तय ५:२३-२४ पुन्हा वाचा. वेदीपाशी दान आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. मग दान तिथेच ठेव, जा, आधी समेट कर. येशू हे गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमात आहे, पायी तीन दिवसांची तरी वाट. म्हणजे आलेली वाट तुडवत मागे जायचं, मिटवायचं, आणि पुन्हा यायचं. ऐकणाऱ्यांना ते किती महागात पडणार हे लगेच कळलं असेल. आपण मात्र ते वचन पाठ म्हणून पुढे जातो.

लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराचंही तसंच. लेवीयाप्रमाणे तो पाचवा हिस्सा वर देऊन मोकळा होऊ शकला असता. तो म्हणाला चौपट देतो, म्हणजे मेंढरू चोरून विकणाऱ्याला निर्गम या पुस्तकात जो दंड आहे तेवढा. पण घटनांचा क्रम विसरू नका: येशू त्याच्या घरी आधी उतरला, फेडीची भाषा नंतर आली. कृपा विकत घेण्यासाठी त्याने पैसे मोजले नाहीत. कृपा घरात आली तेव्हा त्याला त्याची जुनी खाती बघवेनात.

यशया ५३:१० मध्ये देवाच्या सेवकाचा जीवच दोषार्पण होतो आणि आपण ते ख्रिस्ताविषयी वाचतो. देवाच्या बाजूचं देणं त्याने भागवलं, यावर आपला सगळा विश्वास उभा आहे. मात्र त्यामुळे शेजाऱ्याचं देणं फिटलं असं नवा करार कुठेही म्हणत नाही. नांगरताना दरवर्षी थोडा थोडा कोरलेला बांध, बहिणीला गोड बोलून हक्कसोडपत्रावर घेतलेली सही, कामवालीचा थकवलेला पगार, 'देतो की' म्हणत वर्षानुवर्षं ठेवून घेतलेले हातउसने पैसे. दोषार्पणाचा आजचा अर्थ मला इथे दिसतो. नाताळच्या उपासनेत जाड पाकीट टाकल्याने ती सही रद्द होत नाही. 'हे देवाला वाहिलंय' असं सांगून आईबापांना हात आखडता घेणाऱ्यांना येशू मार्क ७ मध्ये काय बोलला, तेही त्याच्याबरोबर वाचा.

आता मोठ्या अर्पणाचा मुद्दा. पापार्पणासाठी, म्हणजे पापाच्या क्षमेसाठी आणायच्या अर्पणासाठी, मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्यांची दोन पिल्लं. तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ, तेल आणि ऊद न घालता. आणि या एवढ्याशा पिठाने मिळणारी क्षमा मेंढरामागच्या क्षमेपेक्षा तसूभरही कमी नाही. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणातही गरिबाला अशीच सवलत होती, आणि लूक २:२४ प्रमाणे मरीया-योसेफांनी ती घेतली. तारणाऱ्याच्या घरात मेंढरू परवडत नव्हतं! हे वाचून पाकिटाच्या जाडीवरून आशीर्वाद कसा मोजायचा, ते मला कोणी समजावून सांगावं. अर्थात, ऐपत असून आंधळं-लंगडं जनावर आणणाऱ्यालाही मलाखी संदेष्टा सोडत नाही. असली भेट तुझ्या अधिकाऱ्याला देऊन बघ, म्हणतो.

बाकीची अर्पणं थोडक्यात. होमार्पणात कातडं याजकाला, उरलेलं सगळं वेदीवर. रोम १२:१ मधला जिवंत यज्ञ समजायला एवढं पुरे. अन्नार्पणात, म्हणजे पिठाच्या अर्पणात, मीठ हवंच, खमीर आणि मध वेदीवर जाळायचे नाहीत. मध का नको यावर तऱ्हेतऱ्हेचे खुलासे ऐकले, पण शास्त्राने कारण दिलेलं नाही, तेव्हा मीही देत नाही. चिमटे आणि राखेच्या भांड्यांतही गूढार्थ शोधणाऱ्यांपासून थोडं लांबच राहा.

शांत्यर्पण मात्र मला फार आवडतं. चरबी परमेश्वराची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, उरलेलं मांस अर्पण करणाऱ्याच्या घरचं जेवण. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. अख्खं जनावर एका घराला एका दिवसात कसं संपणार? चार माणसं बोलवावीच लागणार. आपल्याकडे कापणीच्या सणाला धान्य, भाज्या, कोंबड्या येतात आणि लिलाव होतो, ते छानच आहे. पण सगळं पैशात बदलून खात्यात जमा होतं आणि मंडळीतल्या विधवेच्या ताटात काहीच पडत नाही, तेव्हा शांत्यर्पणातली पंगत तेवढी गायब होते.

आणि लेवीयाच्या अध्याय ९ मध्ये प्रमुख याजक अहरोन प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. लोकांसाठी आधी पापार्पण, मग होम, मग अन्न, आणि शांत्यर्पण शेवटी. जेवण सर्वांत शेवटी येतं. आपल्याकडे प्रभुभोजनाआधी पापकबुली असते, ती उगाच नाही.

इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि वेदीवरचे यज्ञ थांबले. तरी नव्या करारातलं इब्री १३:१५-१६ दोन अर्पणं चालू ठेवायला सांगतं: ओठांची स्तुती, आणि चांगलं करणं व आपल्यातलं दुसऱ्याला देणं. फिलिप्पै इथल्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती पाठवलेल्या मदतीला पौल सुवासिक यज्ञ म्हणतो. ती मदत तुरुंगातल्या पौलाच्याच गरजेसाठी होती, हेही लक्षात घ्या.

पाळकसाहेबांशी वाद घालत बसू नका. पुढच्या अभ्यासगटात ५:१४ ते ६:७ घ्या, अशी विनंती करा. त्यानंतर अध्याय ९, मग १ ते ३. याजकांच्या अभिषेकाचा आठवा अध्याय सध्या सोडलात तरी चालेल.